किडा चावला तर : घरचे उपाय आणि त्यांची मर्यादा

जातककथांमध्ये ‘मकस जातक’ नावाची एक छोटीशी कथा आहे. टक्कल पडलेला एक म्हातारा सुतार लाकूड तासत बसलेला असतो. त्याच्या डोक्यावर डास बसून कडकडून चावतो. हात कामात गुंतलेले, म्हणून तो शेजारी बसलेल्या मुलाला डास हाकलायला सांगतो. मुलगा आज्ञाधारक. तो बापाच्या पाठीमागे उभा राहतो, धारदार कुऱ्हाड उचलतो आणि नेम धरून डासावर घाव घालतो. पुढे काय झाले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल. ही कथा ऐकून आपण हसतो. परंतु किडा चावल्यावर आपल्या घरोघरी जे उपाय चालतात, त्यांतले काही याच कुऱ्हाडीच्या जातीचे आहेत.

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. विहाराविहारांतून सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते आणि नेमक्या याच तीन महिन्यांत डास, चिलटे, मुंग्या यांचाही सुकाळ असतो. वाचन चालू असताना एखादे लहान मूल पाय खाजवून रडू लागले की चार बायका चार उपाय सांगतात. एक म्हणते चुना लाव, दुसरी म्हणते कांदा चोळ, तिसरी म्हणते हळद, आणि मागून कोणी आजी म्हणते, काही नको, थुंकी लाव. यातला कोणता उपाय का चालतो आणि कोणता का चालत नाही, हे समजून घ्यायचे तर आधी खाज येते कशाने ते पाहिले पाहिजे.

डास चावतो म्हणजे डासाची मादी चावते. तिला अंडी घालण्यासाठी रक्त लागते. रक्त शोषताना ते गोठू नये म्हणून ती आपली लाळ आपल्या कातडीत सोडते. ही लाळ परकी आहे हे शरीराला कळते आणि त्या जागी शरीर हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडते. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी झिरपते, गांधी उठते आणि खाज सुटते. म्हणजे खाज ही डासाने दिलेली नसते, ती आपल्याच शरीराने उभी केलेली असते. म्हणून तर एकाच अंथरुणावर झोपलेल्या दोन भावंडांपैकी एकाच्या अंगावर मोठाल्या गांधी उठतात आणि दुसऱ्याला पत्ताही नसतो. ही खाज बहुधा दोन-चार दिवसांत आपोआप जाते. तेवढे दिवस तिला थंड ठेवणे आणि कातडी फाटू न देणे, एवढेच घरगुती उपायाचे काम आहे.

या कसोटीवर सर्वांत चांगला उपाय सर्वांत स्वस्तही आहे. दंशाची जागा साबण लावून स्वच्छ पाण्याने धुवावी आणि त्यावर गार पाण्याची घडी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा. बर्फ नुसता कातडीवर ठेवू नये. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते आणि खाजेची जाणीव बधिर होते. माठातल्या पाण्यानेही काम भागते. गांधीलमाशी चावली की लोखंड घासावे असे आपल्याकडे सांगतात. त्यात लोखंडाचा गुण काही नाही, त्याच्या थंडपणाचाच गुण आहे. फक्त गंजका विळा किंवा खिळा घेऊन कातडी सोलून काढू नये.

खाण्याच्या सोड्याचा पाण्यात कालवलेला लेपही बऱ्याच जणांना मानवतो. मुंगीच्या डंखात आम्ल असते आणि सोडा ते मारतो, असे आपण शाळेत शिकलो. वस्तुतः मधमाशीचे किंवा गांधीलमाशीचे विष म्हणजे केवळ आम्ल नव्हे, त्यात नाना प्रकारची प्रथिने असतात आणि ती कातडीच्या आत गेलेली असतात. वर लावलेला सोडा तिथवर पोचत नाही. तरी लेप वाळताना गार लागतो, म्हणून लावायला हरकत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे गुलाबी कॅलामाइन लोशन याच कामाचे आणि अधिक बरे. कापूर घातलेले खोबरेल तेलही थंडावा देते. परंतु कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, म्हणून तान्ह्या बाळाला तो लावू नये आणि बाटली उंचावर ठेवावी. कांदा, तुळशीचा रस, हळद यांनी बहुधा अपाय होत नाही. मात्र खाजवून फुटलेल्या जागेवर त्यांतले काहीच चोळू नये.

आता कुऱ्हाडीचे उपाय. चुना कातडी भाजतो. खाज थांबल्यासारखी वाटते, पण ती भाजण्याच्या आगीत झाकली गेलेली असते. तंबाखू चोळली तर तिच्यातले निकोटिन कातडीतून अंगात भिनते. रॉकेलने कातडीची आग होते आणि दिव्याजवळ बसलेल्या माणसाला ते लावणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे. शेण आणि माती यांत धनुर्वाताचे जंतू असतात. डासाने न केलेली जखम आपण नखांनी करतो आणि त्या जखमेत हे जंतू आपल्याच हाताने भरतो. म्हणून मुलांची नखे कापलेली असणे हा सुद्धा एक घरगुती उपाय समजावा.

इथे एक प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. विनयपिटकातील महावग्गात औषधांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे, भेसज्जखंधक. आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना कातडीचा रोग झाला होता. त्यातून वाहणाऱ्या लसीने चीवर अंगाला चिकटे आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून सोडवीत. तथागतांनी हे पाहिले आणि खाज, पुटकुळ्या, वाहणारी जखम असलेल्या भिक्खूंसाठी औषधी चूर्णाची अनुज्ञा दिली. चुल्लवग्गात डासांनी त्रस्त झालेल्या भिक्खूंना मकसकुटी, म्हणजे मच्छरदाणी, वापरण्याची मोकळीक दिलेली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही दृष्टी आजच्या आरोग्य खात्यालाही मान्य होईल. परंतु त्याच भेसज्जखंधकात सर्पदंशावर विष्ठा, मूत्र, राख आणि माती यांचा उपायही सांगितलेला आहे. त्या काळी याहून चांगले काही ठाऊक नव्हते. आज कोणी पिटकाचा आधार देऊन सर्पदंशावर राख-माती लावू लागला, तर मी त्याला बुद्धाचा अनुयायी म्हणणार नाही. केवळ परंपरेने आले, केवळ ग्रंथात आहे, म्हणून स्वीकारू नका, हे केसपुत्त गावच्या कालामांना सांगणारे तेच तथागत होते. ग्रंथाला लावायची ती कसोटी आजीच्या बटव्यालाही लावली पाहिजे, आणि औषधाच्या दुकानालाही.

दुकानाचे म्हणायचे तर, खाज फार असेल तर सेटिरिझिनसारखी गोळी उपयोगी पडते. तिने काहींना झोप येते, म्हणून ती घेऊन गाडी चालवू नये. मुलांसाठी मात्रा डॉक्टरांकडूनच घ्यावी. पण खाजेवर हमखास म्हणून तीन-तीन, चार-चार औषधे एकत्र केलेली जी क्रीमे लोक स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने चोळतात, त्यांत तीव्र स्टिरॉइड असते. त्यांनी कातडी पातळ होते आणि खाज गजकर्णाची असेल तर ती दबून पसरते.

कारण प्रत्येक खाज चावण्याची नसते. रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला येणारी आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम झालेली खाज खरजेची असू शकते. तिला घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावावे लागते, नाही तर ती घरातच फिरत राहते. सकाळी उठल्यावर उघड्या अंगावर ओळीने तीन-चार गांधी दिसल्या तर ढेकणांचा संशय घ्यावा. त्यावर मलम नव्हे, तर गादी, पलंगाच्या फटी, उकळते पाणी आणि कडक ऊन हाच इलाज. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, मुंगीएवढा, लाल-काळ्या पट्ट्यांचा एक किडा तर चावतही नाही. तो अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजते आणि दुसऱ्या दिवशी रेघ ओढल्यासारखे फोड येतात. लोक त्याला नागीण समजून गेरू लावतात. हा किडा अंगावर दिसला तर मारू नये, फुंकर घालून उडवावा आणि जागा साबणाने धुवावी. तो हात डोळ्यांना लावू नये.

पुणेकरांना दंशाचे खरे भय शिकवले ते पिसवेने. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्यावर त्यांना स्वतःला प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने ते कराचीत दाखवून दिले १८९८ साली, म्हणजे पुढच्याच वर्षी.

आज पिसवेची जागा एडिस डासाने घेतली आहे. तो दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. नदीतल्या जलपर्णीविषयी आपण तक्रार करतो, ती रास्तच आहे. पण डेंग्यूचा डास नदीतून येत नाही, तो आपल्या पिंपातून, कुंडीखालच्या ताटलीतून आणि गच्चीवरच्या टायरमधून येतो. ताडीवाला रोडसारख्या वस्त्यांत जिथे पाणी साठवल्यावाचून गत्यंतर नाही, तिथे पिंपाला झाकण आणि आठवड्यातून एकदा ते घासून कोरडे करणे एवढे तरी झालेच पाहिजे. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी सापडला आणि २०२४ च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून सुरुवात होऊन शहरात अनेक रुग्ण निघाले. म्हणून दंशाच्या खाजेबरोबर नव्हे, तर त्यानंतर काही दिवसांनी ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ असे झाले तर रक्त तपासावे. तोवर तापाला पॅरासिटामॉलच घ्यावे, अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये. गर्भवती भगिनींनी तर वाटच पाहू नये.

विंचवाचे प्रकरण वेगळेच. विंचू ‘उतरवणारे’ अजूनही आहेत, आणि त्यांचा मंत्र लागू पडतो असे वाटते, कारण पुष्कळ दंश काही तासांत आपोआप शांत होतात. पण लाल विंचवाचे विष हृदयावर जाते. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, उलट्या होतात, दम लागतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या अशा रोग्यांच्या उशाशी बसून निरीक्षणे केली आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध यावर गुणकारी ठरते हे जगापुढे मांडले. त्यापूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण अगदी खाली आले. औषध आहे, पण ते वेळेत पोचले पाहिजे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी याच पुण्यात खून झाला. ज्या कायद्यासाठी ते झगडले, तो त्याच वर्षी झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

शेवटी लेण्यांविषयी, कारण कार्ले, भाजे, लेण्याद्री इथे आपल्या सहली जातात. कातळाला लटकलेले आग्या मोहोळ दिसले तर तिथे धूर, अगरबत्ती, तीव्र अत्तर, आरडाओरडा, दगड मारणे यांतले काही करू नये. माश्या उठल्याच तर तोंड झाकून लांब पळावे, हात झाडत उभे राहू नये, कारण चिरडलेल्या माशीच्या वासाने आणखी माश्या येतात. चावल्यावर काही मिनिटांत अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, श्वास लागणे किंवा चक्कर असे काही झाले, तर कोणताही लेप न लावता १०८ ला फोन करावा. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, श्वास लागत असेल तर टेकून बसवावे. अशा वेळी ॲड्रेनलिनचे इंजेक्शनच जीव वाचवते. डझनावारी माश्या चावल्या असतील तर त्रास दिसत नसला तरी रुग्णालयात जावे, कारण मूत्रपिंडावरचा परिणाम मागाहून कळतो. मधमाशीची नांगी कातडीत राहते आणि विष सोडत राहते. ती कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व आहे, तेव्हा चिमटा शोधत बसू नये, नखाने खरवडली तरी चालते.