वाटेत दिवा विझला तर…

सन २०२२ च्या डिसेंबर महिन्यातील एक रात्र आम्हांला चांगली स्मरते. एका आजाऱ्याची भेट घेऊन आम्ही खानापूर तालुक्यातील एका खेड्याहून मोटारसायकलने परतत होतो. उसाचा हंगाम ऐन भरात होता. एका वळणावर हॅन्डल वळविले मात्र, आणि समोरचा दिवा एकाएकी विझला. डोळ्यांपुढे काळोखाची भिंत उभी राहिली. कसाबसा ब्रेक दाबून गाडी थांबविली, खिशातील मोबाईलचा उजेड पाडला आणि पाहतो तो काय! उसाने भरलेली एक बैलगाडी अवघ्या चार हातांवर उभी होती. तिच्या मागे ना कंदील होता, ना चकाकणारी लाल पट्टी.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर अंतर काटते. आमचा वेग त्याच्या निम्माही नव्हता, म्हणूनच हे चार शब्द लिहावयास आम्ही उरलो.

दोष बैलगाडीवाल्याचा होताच. परंतु आमचाही काही थोडा नव्हता. तीन आठवड्यांपासून तो दिवा मधूनमधून मिचकत होता. आम्ही दोन बल्ब बदलले आणि कर्तव्य संपले असे मानले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातील एका तरुण मेकॅनिकने बल्बला हातही लावला नाही. इंजिन चालू ठेवून त्याने हॅन्डल डावीकडे व उजवीकडे फिरविले. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. गाडीच्या मानेजवळ, जेथे तारांची जुडी हॅन्डलबरोबर वळते, तेथे एका तारेतील तांब्याचे तंतू एकेक करून तुटले होते. अवघे दोन-तीन तंतू शिल्लक होते. पंधरा मिनिटांत काम झाले.

आपल्या घराघरांत आज मोटारसायकल आहे. मुलगा कारखान्यातून रात्री परततो, वडील भल्या पहाटे दूध घालावयास निघतात. म्हणून ही विद्या प्रत्येक घरात थोडी तरी असावी, असे आम्हांस वाटते.

पाटाचे पाणी आणि तारेतील वीज

ज्याने शेताला पाटाने पाणी दिले आहे, त्याला ही गोष्ट समजण्यास कठीण नाही. पाणी शेतात पोहोचत नाही, त्याची कारणे तीनच. पाट मध्येच तुटला असेल, गाळाने तुंबला असेल, किंवा त्याला भगदाड पडून पाणी भलतीकडे वाहत असेल. तारेचेही तसेच आहे. तार तुटली की दिवा लागतच नाही. जोडावर गंज किंवा हिरवा कळंक चढला की दिवा मंद लागतो. तारेवरील आवरण घासून तांबे गाडीच्या लोखंडास टेकले की फ्यूज उडतो.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. पाटाचे पाणी शेतात मुरते. वीज मात्र बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाऊन पुन्हा बॅटरीकडे परतते. ही परतीची वाट बहुधा गाडीच्या लोखंडी चौकटीतून असते. तिलाच आपण अर्थ म्हणतो. दिव्यांच्या पुष्कळशा तक्रारींचे मूळ या परतीच्या वाटेत असते, आणि आपण तेथे सर्वांत शेवटी पाहतो!

आधी पाहावे, मग हात घालावा

पाना हाती घेण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. एकच दिवा गेला आहे की सगळे? एकच गेला असेल तर दोष बल्बमध्ये, होल्डरमध्ये किंवा त्याच दिव्याच्या तारेत असणार. हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकचा दिवा असे सगळेच एकदम बंद पडले, तर फ्यूज, बॅटरी व मुख्य अर्थ पाहावा. वरचा झोत लागतो पण खालचा लागत नाही, तर बल्बमधील एक तंतू जळाला असेल किंवा हॅन्डलवरील स्विच बिघडला असेल. एका बाजूचा इंडिकेटर नेहमीपेक्षा घाईने लुकलुकू लागला, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेला आहे, असे बहुधा समजावे. ब्रेक दाबताच मागचा लाल दिवा उलट मंदावला, तर त्या दिव्याचा अर्थ साफ करावा.

जुन्या पुष्कळ गाड्यांत समोरचा दिवा बॅटरीवर नसून थेट इंजिनाच्या कॉइलवर चालतो. इंजिन हळू फिरले की असा दिवा मंदावतो, वेग वाढला की उजळतो. हा बिघाड नव्हे, त्या गाडीचा तो स्वभाव आहे. दिनांक १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशात बनणाऱ्या दुचाकींचा समोरचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागतो. तेव्हा नव्या गाडीचा दिवा दिवसा लागलेला दिसला म्हणून कोणी घाबरू नये.

दहा वॉटचा गुरू

शोध घेण्यास महागडे यंत्र लागत नाही. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा, १० वॉटचा एक बल्ब घ्यावा व त्यास दोन लांब तारा जोडाव्यात. एक तार चौकटीच्या स्वच्छ लोखंडास लावावी. दुसरी, ज्या दिव्याचा संशय असेल त्याच्या होल्डरमधील टोकास लावावी. स्विच चालू असता आपला बल्ब पेटला, तर वीज तेथवर पोहोचली आहे. दोष बल्बचा किंवा अर्थचा. पेटला नाही, तर मागे सरकावे. मात्र एकेक वीत मागे जाऊ नये. बॅटरी व दिवा यांच्या मधोमध एखादा जोड उघडून तेथे पाहावे. तेथे वीज असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. अशा रीतीने चार-पाच वेळा अर्धे केले की चोर सापडतो.

फ्यूज वारंवार उडत असेल तर हाच बल्ब फ्यूजच्या जागी जोडावा. मात्र येथे २१ वॉटचा असल्यास बरे. गाडीचे सर्व दिवे काढून ठेवूनही तो प्रखर पेटला, तर तार कोठेतरी लोखंडास टेकली आहे हे नक्की. मग जुडी जागोजागी हळूच हलवावी. जेथे हात लागताच बल्ब विझेल, तेथेच घाव आहे. गाडीची मान, सीटखालची जागा आणि टाकीखालची वळणे ही स्थाने प्रथम पाहावीत. गोठ्यात किंवा पडवीत गाडी उभी राहत असेल तर उंदरांनाही संशयितांत धरावे.

नव्या गाड्यांत इंधन सोडणारी संगणकी पेटी असते. तिच्या तारांशी हा खेळ करू नये. ते काम मीटर बाळगणाऱ्या जाणत्या माणसाचे. तारांच्या रंगांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. होंडाच्या गाड्यांत सामान्यतः हिरवी तार अर्थची असते, आणि काळीत चावी फिरविताच वीज येते. यामाहाच्या गाड्यांत काळी तारच अर्थची असते. एकीचे ज्ञान दुसरीस लावले की घात होतो.

बल्ब नव्हे, रोग बरा करावा

एक महिन्यात तीन बल्ब जळाले तर दुकानदारास बोल लावू नये. इंजिन वेगात असता बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून पाहावा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असावेत. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बल्बही जाळील आणि बॅटरीतील पाणीही आटवील.

दिवा मंद आहे म्हणून काही तरुण ३५ वॉटच्या जागी ६० वॉटचा बल्ब बसवितात. ३५ वॉटचा बल्ब सुमारे ३ अँपिअर वीज ओढतो, ६० वॉटचा ५. बारीक तार व स्विच तापतात, होल्डर वितळतो. वास्तविक बल्बपाशी पोहोचणारे व्होल्ट दहाव्या हिश्श्याने घटले, तरी साध्या बल्बचा उजेड जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने घटतो. तेव्हा नवा बल्ब आणण्यापूर्वी पॉलिशपेपरने अर्थचा जोड घासून चकचकीत करावा आणि घट्ट आवळावा. खर्च काहीच नाही, उजेड मात्र दिसण्याइतका वाढतो.

उडालेल्या फ्यूजच्या जागी साधी तार किंवा चांदीचा कागद बसवू नये. फ्यूज जळतो तो गाडी जळू नये म्हणून. बॅटरी सोडविताना ऋण टोक प्रथम सोडावे व जोडताना शेवटी जोडावे. पाना लोखंडास टेकला तरी ठिणगी उडत नाही. इंजिन चालू असता बॅटरी कधीही सोडवू नये. हॅलोजन बल्बच्या काचेस बोटे लावू नयेत. बोटांच्या तेलाने काच एका जागी तापून तडकते.

दर शनिवारी सायंकाळी घरातील कोणीतरी गाडी सुरू करून भिंतीसमोर उभी करावी. वरचा झोत, खालचा झोत, चारही इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, हॉर्न. हॅन्डल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून पाहावे. याला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि मुलाबाळांनाही ते काम आवडते.

रात्री घरी येणाऱ्याची वाट पाहत ओसरीवर बसलेली आई आपण सर्वांनी पाहिली आहे. दूर वळणावर दिवा दिसला की तिचा जीव भांड्यात पडतो. तो दिवा वळणावर विझू नये, एवढी काळजी आपण अगोदरच घेऊ या.