प्रथिनांचे घटक आणि आपल्या जिल्ह्यातील ताट

‘अशक्तपणा वाटतो, एखादी प्रोटीन पावडर द्या’ ही मागणी आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत नित्याची झाली आहे. मजुरीचे पैसे डब्यावर खर्च करणाऱ्या रुग्णास प्रथिन म्हणजे काय, हे आपणांस सांगता यावे, याच हेतूने आम्ही प्रस्तुत विवेचन करीत आहोत.

प्रथिन ही अमिनो आम्लांची शृंखला होय. दोन अमिनो आम्ले जोडली जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो व पेप्टाइड बंध तयार होतो. शरीरातील प्रथिने मुख्यतः २० अमिनो आम्लांपासून घडतात; त्यांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार व कार्य ठरते. कोलॅजेन कंडरा व त्वचेस बळकटी देते. त्यात साधारणतः प्रत्येक तिसरे आम्ल ग्लायसिन असते. ५१ आम्लांचे इन्सुलिन मात्र रक्तशर्करेचे नियमन करते. हिमोग्लोबिनच्या बीटा शृंखलेत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, तर सिकलसेलचा विकार उद्भवतो. एका घटकाचे महत्त्व एवढे आहे.

या २० पैकी ९ आम्ले आहारातूनच मिळवावी लागतात. अन्नातील प्रथिन पचनात सुटे होते आणि त्या घटकांतून शरीर स्वतःची प्रथिने रचते. एक आवश्यक आम्ल कमी पडले, तर उरलेल्यांचाही पुरेपूर उपयोग होत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील ज्वारीच्या भाकरीत लायसिन कमी असते. तुरीच्या वरणात ते विपुल, पण मेथिओनिन कमी. भाकरी-वरण एकत्र आल्यास ही उणीव परस्परांनी भरून निघते. आपल्या शिवारातील सोयाबीनमध्ये नऊही आम्ले असतात. तथापि कच्च्या दाण्यातील द्रव्य ट्रिप्सिनच्या कार्यास अडथळा आणते, म्हणून ते नीट शिजवून वा भाजूनच घ्यावे.

प्रथिन म्हणजेच मांसधातू, असे समीकरण मांडणे उचित नव्हे. पचनाविना पोषण नाही, हा अग्निविचार मात्र येथेही लागू पडतो.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास प्रतिकिलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनास सुमारे ५० ग्रॅम प्रथिन पुरते. मूत्रपिंडाच्या रुग्णास तज्ज्ञाच्या सल्ल्याविना पावडर देऊ नये. इतरांनाही डबा देण्यापूर्वी ‘ताटात वरण किती असते?’ एवढे अवश्य विचारावे, अशी व्यवसायबंधूंना आमची नम्र विनंती आहे.