यंत्राचे ‘शिकणे’ आणि बाजारभाव
२०११ साली अ‍ॅमेझॉनवर माशीच्या जडणघडणीवरील एका जीवशास्त्रीय ग्रंथाची किंमत सुमारे २ कोटी ३७ लाख डॉलरवर गेली. एका विक्रेत्याची आज्ञावली दुसऱ्याच्या किमतीच्या ०.९९८३ पट, दुसऱ्याची पहिल्याच्या १.२७०५८९ पट भाव लावीत असे; म्हणजे दर फेरीस जवळजवळ २७ टक्के वाढ. यास शिकणे म्हणता येत नाही, हा निव्वळ पाढा होय.

२०२० साली कॅल्व्हानो व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग निराळा आहे. संगणकातील कृत्रिम बाजारात आज्ञावल्यांना असा नियम दिलेला नव्हता. केवळ नफ्याच्या अनुभवावरून, परस्परांशी संपर्क न साधता, त्या भाव चढे ठेवू लागल्या. एकीने भाव उतरविल्यास दुसरीही काही काळ उतरवी. अनुभवाने वर्तन बदलले, तेव्हा हे शिकणेच. मात्र ग्राहक म्हणजे कोण, हे तिला ठाऊक नसते. वाणिज्याच्या वर्गात खरा पेच पुढेच आहे: स्पर्धा कायदा संगनमताचा करार शोधतो, आणि येथे करार कोणी केलेलाच नाही.