पोलादी लक्ष्य : समज आणि वस्तुस्थिती

कागदी लक्ष्याला गोळी लागली की नाही हे जाणून घेण्यासाठी नेमबाजाला एक तर दुर्बीण डोळ्याला लावावी लागते, नाहीतर गोळीबार थांबवून मैदानात चालत जावे लागते; पोलादी लक्ष्य मात्र गोळी लागताक्षणीच खणकन वाजून आपला निकाल देते, आणि या तत्काळ निकालाच्या ओढीनेच अमेरिकेतील खाजगी चांदमारीच्या मैदानांवर गेल्या अर्धशतकात कागदाच्या बरोबरीने पोलादाची प्रतिष्ठा वाढत गेली. मेक्सिकोत कोंबडी, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा यांच्या पोलादी आकृती अनुक्रमे 200, 300, 385 आणि 500 मीटरांवर उभ्या करून त्या रायफलीने पाडण्याचा खेळ आधीच रूढ झाला होता. तो सरहद्द ओलांडून उत्तरेस गेला, आणि 1981 साली कॅलिफोर्नियात केवळ पोलादी पटांवर पिस्तुलाने झटपट नेम साधण्याची ‘स्टील चॅलेंज’ ही स्पर्धाही सुरू झाली. आपल्याकडे तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे या कोल्हापूर परिसरातील नेमबाजांनी नेमबाजीची गोडी घरोघरी पोहोचवली असली, तरी त्यांचे लक्ष्य कागदाचे अथवा विजेवर चालणारे असते. शिवाय 1959 च्या शस्त्र अधिनियमाचा अंमल असल्यामुळे घरामागच्या रानात पोलादी पट टांगून रायफल चालवण्याची मुभा येथे कोणास सहसा नाही. परंतु टेक्सास, ॲरिझोना यांसारख्या प्रांतांत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला आठवड्याच्या सुट्टीत शेजाऱ्याच्या आग्रहाने अशा मैदानावर जाण्याचा प्रसंग येऊ शकतो, आणि तेथे पोलादाविषयी जे समज ऐकू येतात त्यांतील निम्मे तरी धोकादायक असतात.

पहिला आणि सर्वांत जुना समज असा की, लोखंड जाड असले म्हणजे झाले. या समजामुळेच भंगाराच्या ढिगातून एखादा बोटभर जाडीचा एम. एस., म्हणजे साध्या पोलादाचा, पत्रा उचलून आणला जातो, त्याला भोके पाडून साखळीने टांगले जाते, आणि पहिल्या दिवशी तो फुटला नाही म्हणून त्याच्या टिकाऊपणाची ग्वाही दिली जाते. वस्तुतः पोलादी लक्ष्याचा निवाडा जाडीवर होत नाही, तो पृष्ठभागाच्या कठीणपणावर होतो. योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने 1900 साली कठीणपणा मोजण्याची जी रीत लोकांपुढे मांडली, तीत 10 मिलिमीटर व्यासाची कठीण गोळी 3,000 किलोग्रॅमच्या भाराने धातूवर दाबतात आणि उमटलेल्या खळग्याच्या आकारावरून आकडा काढतात. या मापाने साधे बांधकामाचे पोलाद 120 ते 150 च्या घरात भरते. लक्ष्यासाठी वापरले जाणारे ‘एआर 500’ जातीचे पोलाद, नावातच सांगितल्याप्रमाणे, सुमारे 500 भरते. रायफलीच्या वेगवान गोळीने साध्या पोलादात खळगा पडतो, आणि दुसरी गोळी त्या खळग्यात शिरली तर तिचे तुकडे कोणत्या दिशेने परततील याचा भरवसा उरत नाही.

येथेच या विषयातील मुख्य गोष्ट ध्यानात घ्यावयाची, ती ही की, लक्ष्याचा टिकाऊपणा आणि नेमबाजाची सुरक्षितता हे दोन निरनिराळे प्रश्न नव्हेत. कठीण पोलादावरून गोळी उलटून थेट आपल्याच अंगावर येते, आणि मऊ लोखंड ती सामावून घेते, अशी सर्वसामान्य कल्पना आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ओल्या मातीचा गोळा गुळगुळीत भिंतीवर जोराने फेकला असता तो जसा भिंतीलगत चहूकडे पसरतो, तसेच शिशाच्या गोळीचे कठीण आणि सपाट पोलादावर होते: ती चपटी होऊन फुटते आणि तिचे बारीक कण पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर, बाजूंना फेकले जातात. पट किंचित पुढे झुकवून टांगला तर त्यांपैकी बरेच कण जमिनीत जातात. परंतु हाच पृष्ठभाग खळगे पडून खडबडीत झाला, किंवा पट वाकून ताटलीसारखा खोलगट झाला, म्हणजे बाजूला जाणारे कण वळून नेमबाजाकडे येऊ लागतात. मऊ लोखंड ‘दयाळू’ असते ही समजूत ज्यांनी कोणी पसरवली, त्यांनी अशा पटासमोर स्वतः उभे राहून पाहिले नसावे.

दुसरा समज गोळीच्या आकाराविषयी आहे. मोठी गोळी अधिक नासधूस करते असे गृहीत धरून .308 च्या जड गोळीची धास्ती घेतली जाते, आणि .223 किंवा 5.56 ची इवलीशी गोळी निरुपद्रवी समजून कोणत्याही अंतरावरून बिनदिक्कत झाडली जाते. 168 ग्रेन वजनाची .308 ची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 2,650 फूट वेगाने निघते. 55 ग्रेनची, म्हणजे तिच्या एकतृतीयांशाहूनही कमी वजनाची 5.56 ची गोळी 20 इंची नळीतून सुमारे 3,200 फूट वेगाने सुटते. एकूण ऊर्जा मोठ्या गोळीत जवळजवळ दुप्पट असते, यात शंका नाही, आणि पट हलवण्याचे, टांगणीवर ताण आणण्याचे काम ती अधिक करते. पण पोलादाच्या पृष्ठभागावर त्या क्षणी जो दाब पडतो तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि खळगा पाडतो तो हा दाब. 9 मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी सेकंदाला सुमारे 1,150 फूट वेगाने जाते. तिच्या तुलनेत 5.56 च्या गोळीचा दाब सात ते आठपट होतो. ‘एआर 500’ पोलादाची सहनशक्ती आदळतेवेळच्या सुमारे 3,000 फूट वेगापर्यंत मानली जाते, त्यापुढे उत्तम पटावरही खळगे उमटू लागतात. म्हणून रायफलीसाठी निदान 100 यार्डांचे अंतर राखावे ही जी शिफारस पट तयार करणारे कारखाने करतात, तिच्यामागे केवळ उडणाऱ्या कणांची भीती नाही. तेवढ्या प्रवासात हवेच्या विरोधाने छोट्या गोळीचा वेग त्या मर्यादेखाली उतरतो, हेही कारण आहे.

अंतराचा विषय निघालाच आहे, तर पिस्तुलाविषयीही सांगितले पाहिजे. आंतरराष्ट्रीय व्यावहारिक नेमबाजी संघाच्या नियमांनी धातूच्या लक्ष्यापासून पिस्तूलधारी स्पर्धकाने आणि पंचाने किमान 7 मीटर दूर राहावे असे बंधन घातले आहे. हे अंतर सराईत लोकांसाठी, देखरेखीखाली आणि सुस्थितीतील पटांसाठी आहे. नवख्याने 10 यार्डांच्या आत येऊच नये हे बरे.

‘एआर 500’ या नावाभोवतीही एक धुके आहे. हे पोलाद कोणा लष्करी खात्याने चिलखतासाठी मंजूर केलेले आहे अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते खाणींतील डंपरांचे हौदे, खोदयंत्रांची तोंडे, खडी वाहून नेणाऱ्या पन्हळी यांच्यासाठी, घर्षणाने झीज होऊ नये म्हणून बनवले जाते. ‘एआर’ ही अक्षरे झीजरोधक या अर्थाची आहेत. स्वीडनच्या एसएसएबी कारखान्याचे ‘हार्डॉक्स 500’ हे याच वर्गातले. गोळी अडवण्याची कोणतीही शासकीय हमी या नावात अंतर्भूत नाही. हमी असते ती कठीणपणाची, आणि तीही कारखान्याच्या दाखल्यापुरती. याहून मोठा घोटाळा ‘ए 500’ या नावाने होतो. हे अमेरिकन मानक बांधकामातील पोकळ पोलादी नळ्यांचे आहे, त्यातील 500 या आकड्याचा कठीणपणाशी काडीमात्र संबंध नाही. केवळ आकडा जुळला म्हणून स्वस्तात मिळालेला माल घरी आणणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

आता जाडीला तिचा न्याय दिला पाहिजे. योग्य जातीचे पोलाद निवडल्यानंतर जाडीचा विचार प्रस्तुत ठरतो. सामान्य पिस्तुले आणि मध्यम रायफली यांना 3/8 इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर जाडी पुरते. मॅग्नम जातीच्या जबर काडतुसांसाठी 1/2 इंच घ्यावी. त्याहून जाड पट घेण्यात हौस अधिक आणि शहाणपण कमी, कारण 60 सेंटिमीटर उंच आणि 45 रुंद असा अर्धा इंची पटच सुमारे 27 किलो भरतो, आणि तो उचलून मैदानाच्या टोकापर्यंत नेण्याची कामगिरी दर वेळी कोणाला तरी करावी लागते.

कठीण पोलाद हे पाणी दिलेले पोलाद असते, आणि दिलेले पाणी उष्णतेने उतरते, ही गोष्ट गावच्या लोहारालाही ठाऊक आहे. तथापि मैदानावरचे बहाद्दर गॅस कटरने हवा तो आकार कापतात, आणि टांगण्यासाठी मागे कड्या वेल्ड करतात. या पोलादाचा कठीणपणा सुमारे 250 अंश सेल्सिअसपुढे उतरू लागतो. गॅसच्या ज्योतीने कापलेल्या कडेलगतचा रुंद पट्टा आणि वेल्डिंगच्या टाक्याभोवतीचा भाग यामुळे मऊ पडतो, आणि नेमके त्या ठिकाणी गोळी लागली की खळगा पडतो किंवा तडा जातो. वेल्डिंगने मजबुती वाढते हा समज साध्या लोखंडापुरता खरा आहे. येथे तोच घातक ठरतो. सबब पट लेझरने, प्लाझ्माने किंवा, सर्वांत उत्तम, पाण्याच्या धारेने कापलेला घ्यावा, आणि तो बोल्टाने, साखळीने अथवा कन्व्हेयर पट्ट्याच्या रबरी तुकड्याने लटकवावा. लटकवलेल्या पटाला मागे झुलण्याची जागा असते, त्यामुळे आघाताचा काही अंश हालचालीत खर्ची पडतो. खांबाला करकचून आवळलेल्या पटाला ती सवलत मिळत नाही. बोल्टाचे डोके मात्र गोल असावे आणि त्यावर नेम जाणार नाही अशा जागी असावे.

काडतुसांच्या बाबतीत लोहचुंबकाची परीक्षा प्रसिद्ध आहे. चुंबक गोळीला चिकटले की आत पोलादी गाभा आहे, असा निकाल झटकन दिला जातो. हा निकाल प्रत्येक वेळी बरोबर नसतो, कारण काही काडतुसांतील गोळीचे केवळ बाहेरचे आवरण तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असते आणि आत शिसेच असते. तरीही चिकटणारी गोळी पोलादी पटावर झाडू नये, हा मैदानांचा सर्वसाधारण हुकूम योग्यच आहे. मैदानाच्या रखवालदाराने प्रत्येक गोळी कापून तिची शहानिशा करावी अशी अपेक्षा धरता येत नाही. शेंड्याला हिरवा रंग दिलेली ‘एम 855’ ही लष्करी गोळी तर पोलादी टोक घेऊनच येते, आणि ती चांगल्या पटाची दुर्दशा करते.

सर्वांत उफराटा समज शेवटी घेतो, कारण त्याचा संबंध अमेरिकेपुरता मर्यादित नाही. शस्त्र जितके दुबळे तितका धोका कमी, असे मानून मुलांच्या हाती पोलादी छर्ऱ्यांची हवाई बंदूक दिली जाते आणि पोलादी पट किंवा पत्र्याचा डबा समोर ठेवला जातो. शिशाची गोळी आदळून फुटते आणि आपली शक्ती तेथेच गमावते. पोलादी छर्रा फुटत नाही, चपटाही होत नाही, आणि बराचसा वेग राखून सरळ परत येतो. हवाई बंदुकीने धातूवर मारायचे असेल तर शिशाचीच गोळी वापरावी, आणि छर्रे कागदापुरतेच ठेवावेत. हे पुण्याच्या गच्चीवरही तितकेच लागू आहे.

जुना पट विकत घ्यावा की नाही, असे पुष्कळदा विचारले जाते. त्यावरचा गंज पाहून नाक मुरडू नये. गंज हा पृष्ठभागापुरता असतो, आणि रंगाचा एक हात दिला म्हणजे पुढची खूण पुन्हा स्पष्ट दिसते. बोट फिरवून पाहावे ते खळग्यांसाठी, कडेच्या तड्यांसाठी, आणि मधल्या फुगवट्यासाठी. थोडासा वाकलेला पट उलटा टांगून वापरता येतो; परंतु ज्यात नखाला लागेल असा खळगा आहे किंवा तडा गेला आहे, तो कितीही महागाचा असला तरी मैदानावर ठेवू नये. नवा पट घेताना विक्रेत्याकडे कारखान्याचा ब्रिनेल आकडा नमूद केलेला दाखला मागावा, दाखला नसेल तर सौदा करू नये. आणि पट कोणताही असो, नेमबाजाच्याच नव्हे, तर मागे उभे राहून पाहणाऱ्या प्रत्येक इसमाच्या डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा असल्याखेरीज पहिली गोळी झाडू नये.