पेपर टाकलाय, बघू काय होतं!

मेडिकल कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये 'पेपर टाकला का?' असं कानावर आलं, तर विषय वर्तमानपत्राचा नसतो. कुणी तरी रेसिडेंट आपला शोधलेख एखाद्या वैद्यकीय जर्नलला पाठवून मोकळा झालेला असतो. हल्ली सगळी पाठवापाठवी ऑनलाइन, तरी त्या फाइलला संपादक अजूनही 'मॅन्युस्क्रिप्ट' म्हणतात, म्हणजे हाताने लिहिलेलं! डॉक्टरांचं अक्षर आठवा आणि संगणकाचे आभार माना.

पेपर 'आपल्याकडच्या' जर्नलला द्यायचा की 'इंटरनॅशनल'ला, यावर मग चहाचे चार कप संपतात. आता गंमत बघा. आज ज्याचा दबदबा आहे त्या 'बीएमजे'चं, म्हणजे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'चं, १८४० सालचं पाळण्यातलं नाव होतं 'प्रोव्हिन्शियल मेडिकल अँड सर्जिकल जर्नल'. प्रोव्हिन्शियल, म्हणजे चक्क प्रांतिक! १८१२ मध्ये बॉस्टनला सुरू झालेलं 'न्यू इंग्लंड जर्नल' तर आपला प्रांत आजही नावात मिरवतं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजच्या स्टाफ सोसायटीने १९५५ साली 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' काढलं. त्याच्या नावात परळ नाही, एवढाच फरक.

त्याआधीच मुंबईचं टपाल विलायतेला जाऊ लागलं होतं. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी मुळी. रक्तदाबावर तिचा कसा उपयोग होतो, हे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधून जगाला सांगितलं. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका निराळ्या रक्तगटाची माहिती छापली. शीर्षकातला 'नवा' हा शब्द त्यांनी सावधपणे अवतरणचिन्हात टाकला होता. तो रक्तगट आज 'बॉम्बे' या नावाने ओळखला जातो. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं नाही.

पण मला सगळ्यात जास्त कौतुक महाडचं. कोकणात लाल विंचू चावला की काही माणसं हृदयावर ताण येऊन दगावायची. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या आणि १९८२ मध्ये त्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. पुढे रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरलं. २०११ मध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबत त्यांनी केलेली ७० रुग्णांची चाचणी 'बीएमजे'त आली. नुसतं प्राझोसिन बरं, की सोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही द्यावं, हा प्रश्न होता. प्रतिविष दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. चाचणी झाली कुठे? महाडातच.

लेखकांच्या नावांचा क्रम हा लग्नपत्रिकेइतकाच नाजूक मामला. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, यावरून रुसवेफुगवे ठरलेले. १९७८ मध्ये काही संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले आणि पेपर कसा लिहावा याचे सामाईक नियम त्यांनी ठरवले. त्यांच्या संदर्भपद्धतीत साधारणपणे पहिली सहा नावं छापतात. सातवे काका 'आणि इतर' मध्ये! नुसतं विभागप्रमुख असणं किंवा पैशांची सोय करणं एवढ्यावर लेखक होता येत नाही, हेही नियमात आहे. तो किती पाळला जातो, ते कॅन्टीनला विचारा.

पेपर परत आला म्हणून तोंड पाडू नका. हान्स क्रेब्ज यांचा सायट्रिक आम्ल चक्रावरचा लेख १९३७ मध्ये 'नेचर'ने परत केला होता. सात-आठ आठवडे पुरेल इतका मजकूर हातात आहे म्हणे! १९५३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. उलट, छापून आलं ते सगळं खरं असतं असंही नाही. १९७४ मध्ये 'बीएमजे'त एक पत्र आलं, की चेलो हे तंतुवाद्य वाजवणाऱ्याच्या वृषणकोशाला इजा होते. पत्र निव्वळ थापेचं होतं. चेलो नेमका धरतात कुठे, हे आधी बघितलं असतं तरी शंका आली असती. पण खुद्द लिहिणाऱ्या बाईंनी २००९ मध्ये कबुली दिली, तोवर ३४ वर्षं उलटली होती.

आता पेपर टाकायच्या तयारीत असलेल्यांसाठी. रुग्णाच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारली की ओळख लपली, असं समजू नका. ती पुरेशी नाही, असं नियम स्पष्ट सांगतात. फोटोत ओळख पटण्यासारखी असेल, तर रुग्णाची लेखी संमती हवी. लेख तपासणाऱ्या परीक्षकापासून लेखकाचं नाव लपवायचं असेल तर पहिलं पान वेगळं करून भागत नाही. 'आमच्या केईएममध्ये' असं मजकुरात राहिलं, किंवा फाइलच्या माहितीत तुमचं नाव राहिलं, की बिंग फुटलंच. आणि सबमिटचं बटण दाबण्याआधी एक्स-रेचा कोपरा मोठा करून बघा. रुग्णाचं नाव तिथेच बसलेलं असतं.