घड्याळाची पाठ वाचताना

जुनं डिजिटल घड्याळ हातात आलं की मी ते आधी पालथं घालतो. काचेवर चरे असतात, पट्टा कधीच बदललेला असतो, समोरची छपाईही पुसट. ओळख पटते ती मागच्या झाकणावरून. पट्टा काढून मऊ ब्रशने घामाचा थर उतरवायचा आणि भिंगाखाली उजेड बाजूने तिरका पाडायचा. समोरून पडलेल्या उजेडात स्टील नुसतं चकाकतं. तिरक्या उजेडात झिजलेल्या अक्षरांच्या खाचा सावली धरतात आणि आकडे वर येतात.

कॅसिओचं घड्याळ असेल तर चौकटीतला आकडा आधी शोधतो. १९८९ साली आलेल्या एफ-९१डब्ल्यूवर तिथे ५९३ असतं. हा मॉड्यूलचा, म्हणजे आतल्या यंत्राचा क्रमांक. चंदेरी साखळीचं ए१५८डब्ल्यू दिसायला अगदी निराळं, पण चौकटीत तेच ५९३. म्हणून दोन्हींची बटणं सारखी चालतात. उलट जी-शॉकच्या डीडब्ल्यू-५६००ई या एकाच मॉडेलमध्ये आधी १५४५ होतं, पुढे ३२२९ आलं. त्यामुळे माहितीपुस्तिका शोधताना मॉडेलच्या नावापेक्षा हा आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो.

अर्थात ५९३ नकली झाकणावरही कोरता येतं. अस्सल एफ-९१डब्ल्यूचं उजवं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं. काही नकलांनी हीही खूण उचलली आहे. शंका उरलीच तर मागचे चार स्क्रू काढून आतल्या यंत्रावरचा क्रमांक झाकणाशी ताडून बघावा लागतो.

सेइकोची रीत वेगळी आणि मला जास्त आवडणारी. एच३५७-५०४० यातले पहिले चार यंत्राचे, पुढचे चार केसचे. शेजारच्या सहा अंकी अनुक्रमांकात पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक मात्र लिहिलेलं नसतं, ते आपणच ठरवायचं. पहिला आकडा १ असेल तर १९७१ बाद, कारण सेइकोचं सहा अंकी एलसीडी घड्याळ मुळात १९७३मध्ये आलं. एच३५७ तर १९८१च्या ‘फॉर युअर आईज ओन्ली’मध्ये जेम्स बाँडच्या मनगटावर दिसतं, तेव्हा १९८१च जुळतं.

घरात असं घड्याळ असेल तर सेल बदलायला देण्याआधी पाठीचा स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि झाकणाला पॉलिश करू देऊ नका. घासून गेलेला क्रमांक परत येत नाही.