एका दिवसाची साखर, वर्षांच्या रक्तवाहिन्या



शाळेच्या आरोग्य शिबिरात एका विद्यार्थ्याचे आजोबा रिपोर्ट दाखवत आनंदाने म्हणाले, "सर, उपाशीपोटी साखर फक्त १०४! तीन दिवस जिलेबीला हात लावला नाही." आजोबांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे, आणि अलीकडे पायांना मुंग्या येतात. आम्हाला परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारी मुले आठवली. एका पेपरचे गुण चांगले आले, म्हणून वर्षभराचा अभ्यास झाला असे होत नाही.

मधुमेहात मोठे नुकसान रक्तवाहिन्यांचे होते. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते. बारीक वाहिन्या बिघडल्या की डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पायांचे मज्जातंतू यांना त्रास होतो. मोठ्या धमन्या अरुंद झाल्या की हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. हे सारे बराच काळ न दुखता चालते, म्हणून तपासणी महत्त्वाची.

उपाशीपोटीची तपासणी त्या सकाळची साखर सांगते. ती १२६ किंवा अधिक असेल, तर मधुमेहाची शंका घेऊन पुन्हा तपासतात. दुसऱ्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. तेथे २०० ही मर्यादा आहे. काहींची सकाळची साखर ठीक असते, पण ही वाढलेली निघते.

तिसरी तपासणी एचबीए१सी. रक्तातील साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते. या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. येथे ६.५ टक्के किंवा अधिक म्हणजे मधुमेह. तीन दिवसांच्या पथ्याने हा आकडा फसत नाही. मात्र रक्तक्षय असेल तर तो चुकू शकतो; डॉक्टरांना तसे जरूर सांगावे.

रक्तवाहिन्यांचे भविष्य हा आकडा किती सांगतो? ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ पासून प्रसिद्ध झाले. एचबीए१सी एक टक्क्याने कमी असलेल्यांत बारीक वाहिन्यांचे विकार सुमारे ३७ टक्के कमी आढळले, हृदयविकाराचे झटके मात्र १४ टक्केच कमी. म्हणजे डोळे व मूत्रपिंडांबद्दल हा आकडा पुष्कळ सांगतो, हृदयाबद्दल अपुरे. हृदयासाठी रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचाही हिशेब ठेवावा लागतो.

साखर वाटेल तितकी खाली ओढणेही बरे नव्हे. अमेरिका व कॅनडातील एका मोठ्या प्रयोगात अतिशय कडक नियंत्रण ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून २००८ साली ते उपचार थांबवावे लागले. कोणाचे लक्ष्य किती असावे, हे वय आणि इतर आजार पाहून डॉक्टरच ठरवतील.

त्या आजोबांना आम्ही एचबीए१सी, लघवीतील अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा आणि पाय तपासून घेण्याची विनंती केली. मधुमेहींनी या तपासण्या वर्षातून निदान एकदा कराव्यात; एचबीए१सी त्याहून अधिक वेळा.

विद्यार्थी मित्रांनो, घरी कोणाला मधुमेह असेल तर आज एवढेच विचारा, "आजोबा, तुमची तीन महिन्यांची साखर केव्हा तपासली होती?" उत्तर आठवत नसेल, तर त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.